दुकानात गोड, घरी कर्कश: फरशी-काचेच्या हॉलमधल्या स्टिरिओचं काय करायचं

अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतो, सोबत तक्रार ठरलेली: आवाज चिरकतोय, शब्द कळत नाहीत, जरा वाढवला की डोकं उठतं. टेबलावर लावून बघावं तर दोन्ही चॅनल सारखे, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) कोमट, व्हॉल्यूमच्या बटणात खरखर नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून ऐकतं, खूश होऊन सेट घरी नेतं, आणि आठवड्याभरात फोन येतो, ‘परत तसंच झालंय बघा.’ मग कुणी वायर बदलायला सांगतं, कुणी स्पीकर. पैसे जातात, कर्कशपणा जागेवरच. सांगली-मिरजेतल्या नव्या बांधकामांतून ही तक्रार इतकी नेमानं येते की हल्ली मी सेट उघडायच्या आधी विचारतो, हॉलला फरशी कसली, पडदे आहेत का, आणि स्पीकर कुठं ठेवलेत?

दुकानात तोच सेट गोड वाजतो, कारण दुकानात छतापर्यंत खोकी, वायरींची भेंडोळी, उघडे सेट, आणि पुढची बाजू रस्त्याला सताड उघडी. तिथं आवाज परत यायला जागाच नाही.

सेट की खोली, हे आधी ठरवा

स्पीकरच्या समोर हात-दीड हातावर खुर्ची टाका आणि हळू आवाजात ओळखीचं काहीतरी लावा. तिथं स्वच्छ ऐकू आलं आणि मागं सोफ्यावर जाईपर्यंत गढूळ झालं, तर सेट निर्दोष आहे. खात्री हवी असेल तर सेट उचलून बेडरूममध्ये न्या. पलंग, गाद्या, कपड्यांनी भरलेली कपाटं यांच्यात तोच सेट एकदम शहाणा झालेला दिसेल.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागं ‘टर्र्र’ असं धातूसारखं शेपूट ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडं टोलवतायत.

एक खरा दोष मात्र इथंच तपासून टाका, कारण तो फुकटात सुटतो. बातम्या लावा. बोलणारा माणूस दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये बसल्यासारखा वाटला पाहिजे. आवाज कुठून येतोय ते कळत नाही, कानाच्या बाजूंनी येतोय असं वाटतं आणि बासही (खालचे, जाड सूर) गायब, असं असेल तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागलीय. एकाच स्पीकरची अदलाबदल करा. घरी रंगकाम झालं, सेट हलवला, की हे हमखास होतं.

खोली करते तरी काय

गावभागातल्या एका निवृत्त शिक्षकांचं घर उदाहरणाला घेतो, कारण सांगलीतल्या बऱ्याच तळमजल्यांची गोष्ट अशीच आहे. २०१९ च्या पुरात त्यांचा खालचा मजला बुडाला. सोफा, गाद्या, प्लायची कपाटं, सगळं बाहेर काढून टाकावं लागलं. त्यानंतर सरांनी ठरवलं, भिजलं की फेकावं लागेल असं खाली काही ठेवायचंच नाही. व्हिट्रिफाइड फरशी, भिंतींना चार फूट टाइल, वर ऑइलपेंट, लोखंडी बाकडी, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या. पाइप लावून हॉल धुवून काढता येतो. आणि त्या हॉलमध्ये सरांना नाट्यसंगीत ऐकायचंय.

चकचकीत टाइल तिच्यावर पडलेल्या आवाजातला जेमतेम एक-दोन टक्के गिळते, बाकी सगळा परत. गिलावा, काच, स्लॅब थोडे बरे, पण त्याच रांगेतले. बास सोडला तर काचही जवळजवळ सगळंच परत फेकते.

याचा हिशोब वॉलेस सॅबिन या अमेरिकन प्राध्यापकानं मांडून ठेवलाय. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या नव्या सभागृहात व्याख्यानाचे शब्द कळेनात, म्हणून तरुण सॅबिनला कामाला लावलं. त्यानं रात्री-रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, असं चालवलं. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ नं गुणा, खोलीतल्या एकूण शोषणानं भागा (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले तो आवाजाचा गिळतो तेवढा वाटा, या सगळ्यांची बेरीज). उत्तर सेकंदांत येतं. आवाज ६० डेसिबलनं खाली यायला, म्हणजे जवळजवळ विरून जायला, लागणारा वेळ तो.

सरांचा हॉल १५ बाय १२, उंची १० फूट. घनफळ ५१ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ सुमारे ८४ चौरस मीटर. सरासरी चार टक्के शोषण धरलं तर एकूण शोषण ३.३, आणि आवाज विरायला लागतात अडीच सेकंद. आपण बोलतो सेकंदाला चार-पाच अक्षरं. म्हणजे पहिलं अक्षर पुरतं मरायच्या आत दहा अक्षरं त्याच्या अंगावर पडतात. तानेचं तर विचारूच नका. गाण्यासाठी घरच्या खोलीत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ हवा.

आवाज वाढवल्यावर शब्द जास्त कळायला हवेत, ते का कळत नाहीत, हेही यातच आहे. बटण फिरवलं की थेट आवाज आणि परत येणारा आवाज दोन्ही सारखेच वाढतात. त्यांचं प्रमाण बदलतं ते अंतरानं. सरांच्या हॉलमध्ये अंदाजे दीड फुटापलीकडं स्पीकरपेक्षा खोलीचाच आवाज जास्त होता. बाकडं होतं बारा फुटांवर.

सॅबिननं शोषणाचं एकक म्हणून उघडी खिडकी धरली होती. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शोषण शंभर टक्के. सगळ्या खिडक्या-दारं उघडून तेच गाणं पुन्हा ऐका. लगेच निवळलं तर खोलीवरचा आरोप सिद्ध. कायमचा उपाय म्हणून हे चालत नाही, कारण खिडकीतून रिक्षांचे हॉर्न आत येतात आणि तुमचं गाणं शेजारी जातं.

आधी जागा बदला, खर्च नंतर

सरांचे स्पीकर लोखंडी कपाटावर, सात फुटांवर, मागं भिंतीला चिकटून. आपल्याकडं पोरांचा हात पोचू नये म्हणून स्पीकर वरच ठेवायची पद्धत आहे. तिथून ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक सूर, आधी स्लॅबवर आपटते आणि मग खाली येते, कपाट डब्यासारखं घुमतं ते वेगळंच.

स्पीकर खाली आणा. छोटा ट्वीटर (ट्रेबल वाजवतो तो) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून तीन ते साडेतीन फुटांवर. स्टँड नसेल तर सिमेंटचे ठोकळे एकावर एक रचून वर रबराचा तुकडा ठेवा, डुगडुगता कामा नये. मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढं, बाजूच्या भिंतींपासून दोन फूट तरी आत. बारा फुटी भिंतीवर दोन स्पीकरमध्ये सात-साडेसात फूट ठेवा, आणि तेवढ्याच अंतरावर तुमची खुर्ची. तोंडं किंचित आत, तुमच्याकडं वळवलेली. यानं बाजूच्या भिंतींवर जाणारी ट्रेबल कमी होते.

खुर्ची भिंतीला टेकवू नका. आपल्या घरांत सोफा भिंतीलाच असतो, तो असू दे. ऐकायच्या वेळी एक वेताची खुर्ची पुढं ओढून बसायचं. पंधरा फुटी खोलीत मागच्या भिंतीपासून सहा फुटांवर चांगलं जमतं. डोकं भिंतीला टेकलं की डोक्यामागून परतलेला आवाज थेट कानात आणि बासचा फुगवटा फुकट. सरांकडं एवढं केल्यावरच शब्द कळायला लागले. काकू मात्र म्हणाल्या, ‘हॉलच्या मध्ये ही खुर्ची किती दिवस राहणार?’ प्रश्न रास्त होता, म्हणून ती घडीची आणली.

आरसा फिरवा

आता पहिली परतफेड पकडायची, म्हणजे भिंतीवर एकदाच आपटून कानात येणारा आवाज. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणालातरी आरसा भिंतीला टेकवून, कानाच्या उंचीवर, हळूहळू सरकवायला सांगा. आरशात ज्या जागी स्पीकर दिसेल तिथं खडूनं खूण करा. प्रकाश आणि ट्रेबल सारख्याच कोनात परततात, त्यामुळं हीच ती जागा.

वर सांगितलेल्या मापात ही वाट थेट वाटेपेक्षा तीन फुटांनी लांब पडते. आवाज एका मिलिसेकंदात सव्वा फुटाहून कमीच अंतर कापतो, म्हणजे परतलेला आवाज पावणेतीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकानं १९४९ मध्ये दाखवलं की इतका कमी उशीर असलेला आवाज कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकूच येत नाही, तो मूळ आवाजात मिसळतो. म्हणून तर लोक शपथेवर सांगतात, ‘आमच्याकडं घुमत नाही हो.’ घुमत नाही, पण गायकाचा गळा लोखंडी होतो आणि त्याची जागा पसरते. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला सरकती काच असेल तर गायक काचेकडं झुकतो. बॅलन्सचं बटण फिरवून तो परत मध्ये आणायच्या भानगडीत पडू नका, काचेला पडदा लावा.

जमिनीवरची परतफेड तशीच. स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर खाली जुनी गोधडी आणि वर सतरंजी अंथरा. नुसती सतरंजी पातळ पडते. मध्ये काचेचा टीपॉय असेल तर तो ऐकताना बाजूला सरकवा, त्यावर टेबलक्लॉथ घालून काही होत नाही. टीव्ही दोन स्पीकरच्या मध्ये असेल तर गाणी ऐकताना टीव्ही बंद करून त्यावर एक गोधडी सोडून बघा. विचित्र दिसतं, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरून तारेला मिळणारा झंकार, ऐका: आधी नुसती तारेची किणकिण असते, गोधडी पडली की एकेक तार सुटी लागते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी लावताना कारागीर ज्या बारकाव्यासाठी पुन्हा पुन्हा घोडी घासतो, तो बारकावा आपण घरी टीव्हीच्या काचेवर घालवतो.

मऊ सामान किती लागतं

अर्ध्या सेकंदासाठी सरांच्या हॉलला एकूण शोषण सोळा-सतरा हवं होतं, होतं तीन. जाड पडदा, कापड रुंदीच्या दुप्पट घेऊन भरपूर चुण्या पाडलेला, काचेपासून चार बोटं सोडून टांगलेला, १० बाय ८ फूट: साडेचार. गोधडी-सतरंजी ९ बाय ६ फूट: दीड. लोखंडी बाकड्यांवर जाड कापसाच्या गाद्या आणि लोड: तीनेक. दोन माणसं: एक. इथपर्यंत बेरीज तेराच्या वर जाते आणि वेळ ०.६२ सेकंदांच्या आसपास येतो. बहुतेकांनी इथंच थांबलं तरी चालेल.

पुढं जायचं असेल तर रॉकवूलचे पॅनल. साखर कारखान्यात वाफेच्या पाइपांना गुंडाळतात तीच ही लोकर, फक्त कडक स्लॅबच्या रूपात. इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडं मिळते. घनमीटरला ४८ किलो घनतेची, ५० मिलिमीटर जाडीची, साधारण ४ बाय २ फुटांची मागा. वखारीतून दोन इंची पट्ट्या आणून चौकट करा, आत स्लॅब बसवा, वर मांजरपाट किंवा खादी ताणून ठोका. कापड निवडायची रीत सोपी आहे: तोंडाला लावून फुंका, हवा आरपार गेली पाहिजे. रेक्झिन लावलंत तर ट्रेबल वरूनच परत जाईल. लोकर कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं. पॅनल भिंतीपासून दोन इंच सोडून टांगा. त्या मोकळ्या जागेमुळं तीच लोकर आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते. असे सहा पॅनल म्हणजे आणखी साडेचार. पहिले दोन आरशाच्या खुणांवर, पुढचे खुर्चीच्या मागच्या भिंतीवर.

नदीकाठच्या घरांत भिंतीला काही चिकटवू नका. पॅनल खिळ्यावर अडकवलेला असावा, कृष्णेचं पाणी चढतंय असं कळलं की काढून वरच्या मजल्यावर नेता येईल असा. टाइलला भोक पाडायची काकूंची तयारी नव्हती, म्हणून टाइलच्या वरच्या काठापाशी आडवी पट्टी मारून सगळे पॅनल तिला टांगले. पॅनल आपले टाइलसमोर लोंबतात.

आता जे करू नये ते. अंड्याचे ट्रे लावू नका, ते कागदाचे, पातळ, आणि पेट घेणारे. थर्माकोलमध्ये हवा जाऊच शकत नाही, ते शोषत नाही. टीव्हीमागं हल्ली पीव्हीसीच्या पट्ट्यांची भिंत करतात, ती दिसायला काहीही असो, आवाजाला टाइलच. आणि टोकदार नक्षीचा एक इंची फोम सगळ्या भिंतींना लावणं हा सर्वांत महागडा घोळ: तो फक्त अगदी वरचे सूर खातो, मधले आणि खालचे तसेच राहतात, मग आवाज बोंगाळ होतो आणि लोक ट्रेबल वाढवत बसतात. सोलापुरी चादर भिंतीवर ताणून लावली तर फारसं काही होत नाही. तीच भिंतीपासून वीतभर सोडून, चुण्या पाडून सोडली तर पडद्याचं काम करते.

पुस्तकांचं उघडं कपाट मात्र जरूर ठेवा. लहान-मोठी, मागं-पुढं सरकलेली पुस्तकं आवाज चहूकडं विखुरतात. त्याला काचेची दारं असतील तर ऐकताना उघडी टाका.

बास हा वेगळा आजार

पडदे-सतरंज्यांनी बास हलत नाही. ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, बोटभर जाडीच्या कापडाला ती जुमानत नाही. खोलीच्या दोन भिंतींमध्ये जी लाट नेमकी बसते ती फुगते: १० फुटांत ५६ हर्ट्झ, १२ फुटांत ४७, १५ फुटांत ३७-३८. खोली १० बाय १० आणि उंचीही १० असली तर तिन्ही फुगवटे एकाच सुरावर येतात. अशा खोलीत डग्ग्याचा एखादाच घुमारा घर हलवतो आणि बाकीचे दबून राहतात.

उपाय पुन्हा जागेचाच. स्पीकर कोपऱ्यातून काढा, तुम्ही खोलीच्या नेमक्या मध्यावर बसू नका. सबवूफर (फक्त बास वाजवणारा वेगळा स्पीकर) असेल तर तो तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवून गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेनं वाकून, रांगत फिरा. बास जिथं सारखा आणि नीट ऐकू येईल तिथं सबवूफर ठेवायचा. घरात पाहुणे नसताना करा. स्पीकरला मागं भोक असेल आणि भिंतीपासून लांब ठेवणं जमतच नसेल तर त्या भोकात फोमचा बोळा बसवा, फुगवटा बराच उतरतो.

लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मापाचा मायक्रोफोन असेल तर फुगवटा नेमका कुठं आहे ते आलेखात दिसतं. फोनच्या माइकवर बासपुरता विश्वास ठेवू नका. इक्वलायझरनं (वेगवेगळ्या सुरांचा जोर कमी-जास्त करायची सोय) फुगलेला सूर कापता येतो, तेवढं करा. बसलेला सूर वाढवायला जाऊ नका, तिथं लाटाच एकमेकींना मारतायत, अ‍ॅम्प फुकट तापतो. आणि अडीच सेकंदांचा घुमारा कोणत्याही इक्वलायझरनं अर्ध्यावर येत नाही.

याच भागात एक फसवी तक्रार येते: ‘स्पीकरचा पडदा फाटलाय, एका सुराला तडतडतो.’ आधी शोकेसच्या सरकत्या काचा हातानं दाबून धरा आणि तोच सूर पुन्हा वाजवा. मग लोखंडी कपाटाची मूठ, खिडकीचं स्लायडर, मांडणीवरची स्टीलची ताटं. तडतड बहुतेक वेळा यातच सापडते. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी किंवा रबरी बीडिंग बसवलं की स्पीकर आपोआप ‘दुरुस्त’ होतो.

परत परत का उलटतं

सगळं करूनही वर्षातून दोनदा फोन येतोच. दिवाळीच्या साफसफाईत पडदे धुवायला गेलेले असतात, पावसाळ्यात सतरंज्या आणि गोधड्या कुबट वास नको म्हणून माळ्यावर. सेट तोच, खोली मात्र पुन्हा उघडीबोडकी. पडदे धुवायचे तर एकेक खिडकी करून धुवा. गोधड्या पावसाआधी कडक उन्हात वाळवा, आणि पावसात उघडीप मिळेल तेव्हा पुन्हा गच्चीत टाका. घरात नवा काचेचा दरवाजा, नवं टीव्ही युनिट आलं तर आरसा पुन्हा एकदा फिरवा.

एवढ्यावरही सेट माझ्याकडं आणायचाच असेल तर खुणा सांगतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते. एक बाजू मधूनच जाते आणि टपली मारली की येते. गाणं बंद असतानाही बारीक ‘घूंऽऽ’ सुरू असतं. कमी आवाजालाही, हातभर अंतरावर बसूनही, आवाज फाटतो. यातलं एक जरी असेल तर तो खोलीचा दोष नाही. सेट आणाल तेव्हा स्पीकरही सोबत आणा.